अण्णांच्या टॅबवरचा पेंग्विन

बूटलोडर म्हणजे काय हे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं. यांतल्या एकाही प्रसंगी कुणी मला बूटलोडरबद्दल विचारलं नाही. आज मात्र आमच्या घरात तो शब्द काढायची सोय राहिलेली नाही. काढला की बायको हातातलं काम टाकून माझ्याकडे नुसती बघत राहते, आणि ते बघणं मला सोसत नाही.

सुरुवात जावयाने केली. (सुरुवात मीच केली असं घरातल्या बाकी सगळ्यांचं मत आहे, पण सध्या लेखणी माझ्या हातात आहे.) एका रविवारी मुलगी-जावई आले होते. मी खणात कात्री शोधत होतो, तर माझा जुना मोबाइल वर आला. जावयाने तो उलटसुलट करून पाहिला.

"बाबा, हा कशाला ठेवलाय? फेकून द्या," तो म्हणाला. "नाहीतर मग लिनक्स टाका याच्यावर. जुन्या फोनवर चालतं असं निघालंय आता. अर्थात, तुम्हाला नाही जमायचं ते."

शेवटचं वाक्य तो प्रेमाने म्हणाला. माझ्या काळजीपोटीच म्हणाला. म्हणून तर ते जास्त लागलं. मी पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य लिपिक आहे. एकतीस वर्षांत मी सहा साहेब आणि तीन संगणक प्रणाल्या पचवल्या आहेत. जावई गेल्याबरोबर मी तो मोबाइल चार्जिंगला लावला.

लिनक्स टाकणं म्हणजे मोबाइलच्या आत जी व्यवस्था कारभार बघत असते ती काढून तिच्या जागी दुसरी आणून बसवायची. थोडक्यात, साहेबांची बदली. इमारत तीच, टेबलं-खुर्च्या त्याच, वरचा माणूस तेवढा नवा. हे मला लगेच समजलं. आता नवा साहेब आत जायचा तर दारावरच्या शिपायाने त्याला सोडलं पाहिजे. मोबाइल सुरू होताना आत कुणाला सोडायचं हे ठरवणारा जो शिपाई, तोच बूटलोडर. कंपनीने त्याला कुणालाही न सोडण्याची ताकीद दिलेली असते. ती ताकीद मागे घ्यावी म्हणून कंपनीकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

मी अर्ज केला. उत्तर आलं, 'एकशे अडुसष्ट तास थांबा.' कारण दिलेलं नव्हतं. भेटायला कुणी माणूसही दिलेला नव्हता. एकशे अडुसष्ट तास म्हणजे बरोबर एक आठवडा होतो, पण आठवडा असं लिहिलं असतं तर अर्जदाराला सरळ समजलं असतं. मला त्या कंपनीबद्दल मनापासून आदर वाटला.

आठवड्यानंतर परवानगी आली आणि पुढच्या रविवारी सकाळी मी कामाला बसलो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. तीन वेळा सगळं थांबलं, तीन वेळा मी पहिल्यापासून सुरू केलं, आणि दुपारी दोनच्या सुमारास माझा सात वर्षं मेलेला मोबाइल जिवंत झाला. बॅटरी तीनशे बारा टक्के दाखवत होता. कॅमेऱ्यात बायको उलटी दिसत होती. पण जिवंत होता.

"फोन लागतो का यावरनं?" बायकोने विचारलं.

"फोन सोडून सगळं लागतं," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. बायकोचं काही न बोलणं हे अनुमोदन समजायची चूक मी तीस वर्षं करत आलो आहे.

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांनी उमेदीच्या काळात एक धरण बांधलं, आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते धरण म्हणूनच बघतात. आम्ही त्यांना धरणवाले म्हणतो. ते खाली आले, माझा मोबाइल हातात घेऊन त्यांनी वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "गाळ. सगळा गाळाचा खेळ आहे. मोबाइल हळू का होतो? आत गाळ साचतो. तुम्ही गाळ काढलात. शाबास!"

मला इतक्या स्पष्ट शब्दांत शाबासकी एकतीस वर्षांच्या नोकरीत कुणी दिलेली नव्हती. त्या आठवड्यात शेजारीपाजारी आपापली यंत्रं घेऊन यायला लागले. कुणी बंद पडलेला फोन आणला, कुणी नातवाचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला, एकाने तर टीव्हीचा रिमोट आणला. मी सगळ्यांना अर्ज देऊन जायला सांगितलं. रिमोटवाले खरोखरच देऊन गेले.

पण करून दाखवायला घरातलंच यंत्र बरं, म्हणून मी बायकोचा फोन मागितला. तो हळू चालतो अशी तक्रार तिने एकदा केली होती. एकशे अडुसष्ट तास भरल्यावर तिच्या फोनवर लिनक्स फार सुरेख बसलं. तीनशे बारा टक्क्यांची भानगडही झाली नाही. फक्त आवाज गेला. फोन आला की वाजेना, नुसता दिवा लागायचा. शिवाय आतले सगळ्यांचे नंबर पुसले गेले.

"नंबर येतील आपोआप," मी म्हणालो.

"कुठून येतील?"

"तांत्रिक बाब आहे," असं मी म्हणालो. कार्यालयात या शब्दांनंतर माणसं निघून जातात. बायको गेली नाही. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "माझ्या फोनचं झालं ते झालं. पण हे बघा, अण्णांच्या टॅबला हात लावाल तर याद राखा."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. शाळेत गणित शिकवायचे. गेली नऊ वर्षं त्यांना ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून माणसांऐवजी पंखाच ऐकू येतो म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. ते बोलतात आणि आम्ही उत्तर वहीत लिहून दाखवतो. वर तारीख घालायची असा त्यांचा दंडक आहे, कारण तारखेशिवाय लिहिलेलं त्यांच्या लेखी लिहिलेलंच नसतं.

आणि अण्णांचा एक मित्र आहे. आमच्याच गल्लीत डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. आता डॉक्टर नाहीत, दवाखाना नाही, पण त्याला कंपाउंडरच म्हणतात. दोघं चाळीस वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसून बुद्धिबळ खेळले. सात वर्षांपूर्वी कंपाउंडर दूरच्या गावी मुलीकडे राहायला गेला. जाताना दोघांच्या टॅबवर मीच बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला एक चाल. कंपाउंडरची चाल आली की अण्णा दिवसभर विचार करतात आणि दुसऱ्या दिवशी दहाला उत्तर देतात. चालीखाली एक ओळ लिहायची सोय असते. चार महिन्यांपूर्वी कंपाउंडर पडला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो अंथरुणाला खिळून आहे. मग अण्णा रोज चालीखाली लिहितात, 'पाय?' आणि पलीकडून येतं, 'आहे.' एवढाच पत्रव्यवहार. आत्तापर्यंत अठ्ठावीस डाव झाले होते. चौदा अण्णांनी जिंकलेले, चौदा कंपाउंडरने. एकोणतिसावा चालू होता.

टॅब मात्र अगदीच थकला होता. दहाला चाल खेळायची म्हणून अण्णा पावणेदहाला बटण दाबून बसायचे. पुढे एका रविवारी सकाळी कंपाउंडरची चाल आली, ती उघडायलाच टॅबने वीस मिनिटं घेतली. अण्णांनी सुस्कारा सोडला. आता तुम्हीच सांगा, घरात एक लिनक्स जाणणारा मुलगा असताना बापाने सुस्कारे का सोडावेत?

बायको बहिणीकडे गेली होती. (तिने नंबर लिहून आणायला नातेवाइकांकडे पायी जाण्याचा क्रम सुरू केला होता.) मी वही पुढे ओढली, तारीख घातली आणि लिहिलं, 'टॅब वेगवान करून देतो.'

"डाव चालू आहे," अण्णा म्हणाले.

'डावाला धक्का लागणार नाही.' हे मी लिहिलं, आणि खाली सवयीने सही केली.

टॅब इतका जुना होता की त्याच्या शिपायाला कुणाला अडवायची ताकीदच नव्हती, त्यामुळे अर्ज करून आठवडाभर थांबावं लागलं नाही. काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. टॅबमध्ये काय काय आहे याची मी दोन प्रतींत यादी केली. सगळ्याची नक्कल टॅबच्या मेमरी कार्डावर उतरवली आणि यादीत प्रत्येक बाबीपुढे खूण केली. मग टॅबने विचारलं, 'आतलं सगळं पुसायचं का?' मी 'हो' म्हटलं. नक्कल कार्डावर सुरक्षित होती ना!

दोन वर्षांपूर्वी टॅबमधली जागा संपली म्हणून ते कार्ड मीच आतल्या जागेला जोडून टाकलं होतं, हे मला पुसून झाल्यावर आठवलं. कार्ड वेगळं राहिलंच नव्हतं. कार्ड म्हणजेच टॅब होता. टॅबने माझ्या आज्ञेबरहुकूम स्वतःला पुसलं, नक्कल पुसली, आणि मग नवा साहेब आत यायच्या ऐवजी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पेंग्विन येऊन बसला. पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह आहे. तो एक मिनिटभर बसतो आणि जातो, असं मी वाचलं होतं. हा गेला नाही. संध्याकाळपर्यंत मी बटणं दाबली. पेंग्विन बसलेलाच होता.

सोमवारी सकाळी पावणेदहाला अण्णा आंघोळ करून, चष्मा पुसून टेबलाशी बसले. टेबलावर लाकडी पट मांडलेला असतो. टॅबवरचा डाव ते त्या पटावर लावून ठेवतात, बोटांना मोहरे लागल्याशिवाय त्यांना सुचत नाही. उत्तर त्यांनी ठरवलेलं असणार, कारण चेहरा खुशीत होता. त्यांनी टॅब उघडला.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

'पेंग्विन आहे,' मी वहीत लिहिलं.

"त्याची चाल आहे का आता?"

मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण आहे. होईल दुरुस्त.' अण्णांनी ते वाचलं. मग त्यांनी वहीचं एक पान मागे उलटलं आणि कालच्या तारखेच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. एकतीस वर्षं लोकांना त्यांच्याच सह्या दाखवत आलो, माझी सही मला कुणी दाखवायची ही पहिलीच वेळ.

मी जावयाला फोन लावला.

"बॅकअप घेतला होता ना बाबा?"

"घेतला होता."

"कुठे?"

"त्याच्यातच."

पलीकडे तो हसत असावा किंवा मुलीला हातवारे करून सांगत असावा. मग म्हणाला, "हरकत नाही. अ‍ॅप तुमच्या फोनवर घ्या आणि अण्णांच्या खात्याने आत शिरा. डाव खात्यात असतो."

पण अण्णांना खातंच नव्हतं. सात वर्षांपूर्वी अ‍ॅपने नाव, जन्मतारीख, पत्ता असा सोळा रकान्यांचा फॉर्म पुढे केला होता. खाली बारीक अक्षरांत 'पाहुणा म्हणून खेळा' असंही होतं. ज्याच्या टेबलावर लोकांनी रकाने भरता भरता आयुष्य काढलं, त्या मला तो फॉर्म भरायचा कंटाळा आला. मी अण्णांना पाहुणा केलं, कंपाउंडरलाही पाहुणा केलं. पाहुणा ज्या यंत्रात राहतो त्या यंत्राबरोबरच जातो. तरी मी माझ्या फोनवर अ‍ॅप घेऊन शोध घेतला. जगात अकरा लाख पाहुणे होते. त्यांतल्या चाळीसेक जणांना मी विचारलं, 'आपण कंपाउंडर का?' तिघांनी उत्तर दिलं. दोघांची भाषा मला कळली नाही आणि तिसऱ्याने नऊ चालींत माझ्यावर मात केली.

"अहो, मग कंपाउंडरकाकांच्या मुलीला फोन करा सरळ," बायको म्हणाली.

"नंबर?"

"माझ्या फोनमध्ये..." असं म्हणता म्हणता ती थांबली. दुसरा होता तो अण्णांच्या टॅबमध्ये. आमच्या जुन्या डायरीत एक सापडला, त्यावर कुठल्याशा गॅरेजचा माणूस बोलला. गावाचं नाव माहीत होतं, पण तेवढ्या मोठ्या गावात एक अंथरुणावरचा म्हातारा शोधायचा कसा?

त्या अ‍ॅपचा नियम असा, की सात दिवसांत चाल आली नाही तर डाव समोरच्याला बहाल होतो. रविवारी सकाळी दहाला मुदत संपत होती. पण अण्णांना डावाची काळजी नव्हती. डाव तर सगळा टेबलावर मांडलेला होता, प्यादंही हललेलं नव्हतं. समोरचा माणूस हरवला होता. मंगळवारी दहाला अण्णा पुन्हा चष्मा पुसून बसले. पेंग्विनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो समजेल, मी गेलो."

मी आत जाऊन कपड्यांच्या कपाटाशी उभा राहिलो. फार वाईट वाटलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने वडिलांचा एकुलता एक मित्र बटण दाबून पुसून टाकावा, याला काय म्हणायचं?

धरणवाले खाली येऊन पेंग्विन पाहून गेले. "दरवाजे उघडा," ते म्हणाले. कुठले, ते सांगितलं नाही.

बुधवारी कार्यालयात एकदम डोक्यात उजेड पडला. कंपाउंडर गाव सोडून गेला तेव्हा त्याने घराची नळजोडणी बंद केली असणार. त्याचा अर्ज आमच्याच कार्यालयात असणार. आणि त्या अर्जात नववा रकाना असतो, 'पुढील पत्रव्यवहाराचा पत्ता'. म्हणजे मुलीचा पत्ता माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पडून होता! मी धावत खाली गेलो. रेकॉर्डकीपरने जागेवरून न उठता विचारलं, "अर्ज?"

"अहो, मी आहे."

"ते दिसतंय. अर्ज कुठाय? तुम्हीच परिपत्रक काढलंय, अर्जाशिवाय कुणाला कागद दाखवायचा नाही म्हणून. भिंतीवर लावलंय बघा."

लावलेलं होतं. खाली माझी सही होती. मी वर आलो, एका नागरिकाच्या नात्याने अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर दिला.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. गुरुवारी सकाळी टपालाचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. साठ-सत्तर अर्ज होते. मन अण्णांच्या टेबलाशी होतं आणि हात इथे चालत होता. एकतीस वर्षांत हाताला एवढी सवय झाली आहे की वाचावं लागत नाही, अर्जातली उणीव आपोआप दिसते. गठ्ठा संपवून, टपाल जावक विभागात पाठवून मी चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना आठवलं. त्यात माझाही अर्ज होता. त्यावर मी शेरा मारला होता, 'अर्जदाराचा सदर ग्राहकाशी असलेला संबंध स्पष्ट होत नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरअर्ज करावा.'

जावक विभागात पळत गेलो तोवर त्यावर क्रमांक पडला होता. क्रमांक पडलेला कागद मागे घेता येत नाही. हे सगळ्यांना मीच शिकवलेलं होतं, आणि तिथल्या बाईंनी ते मला अगदी माझ्याच आवाजात ऐकवलं.

मग संबंध स्पष्ट करायला बसलो. छापील यादीत रक्ताचं नातं, विवाहाने झालेलं नातं, वारस आणि मुखत्यार एवढंच होतं. 'इतर' पुढे मी लिहिलं, 'ग्राहक हे अर्जदाराच्या वडिलांचे प्रतिस्पर्धी आहेत.' शुक्रवारी साहेबांनी बोलावलं.

"हे काय आहे?" त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "वडिलांच्या वैऱ्याचा पत्ता हवाय तुम्हाला? आपल्या कार्यालयाकडून? उद्या काही झालं तर?"

"वैरी नाही सर. बुद्धिबळातला."

"मग इतके दिवस पत्ता नव्हता तर खेळत कसे होते?"

मला सगळं सांगावं लागलं. पाहुण्यापासून पेंग्विनपर्यंत. साहेब माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहेत. मी सांगत होतो आणि ते पेपरवेट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "पण मुळात लिनक्स टाकायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तांत्रिक बाब होती सर," मी म्हणालो. साहेबांनी 'विशेष बाब म्हणून मंजूर' असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे न बघता पुढे केला.

शनिवारी दुपारी रेकॉर्डकीपरने सात वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला. तिसाव्या मिनिटाला कंपाउंडरचा अर्ज हाती लागला. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून वळण पडलेलं ते गोल, सुटं अक्षर मी लांबूनच ओळखलं. नववा रकाना भरलेला होता. अगदी नीट, घरक्रमांकासकट.

तो आमच्या घराचा पत्ता होता.

खाली अर्ज स्वीकारणाऱ्याची सही माझी होती. सात वर्षांपूर्वी मी तो न वाचताच घेतला असणार. रेकॉर्डकीपर मला म्हणाला, "मिळाला ना पत्ता?" मी मान हलवली. तिथल्या स्टुलावर मी थोडा वेळ बसलो. मुलीच्या घरी जाणाऱ्या माणसाला स्वतःचा पत्ता म्हणून मित्राचं घर लिहावंसं वाटलं, आणि त्या घरात मी राहतो! मी अगदी हात टेकले. आता शोधायला जागाच उरली नव्हती.

घरी येऊन मी वहीत सगळं लिहिलं. रेकॉर्ड रूम, अर्ज, नववा रकाना. अण्णांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपला पत्ता लिहिलान?" ते म्हणाले. मग बराच वेळ पटाकडे बघत बसले.

रविवारी दहा वाजले. घड्याळाकडे आम्ही तिघांनीही पाहिलं. अण्णांनी टॅब उघडलाच नाही. सोमवारी ते टेबलाशी आले नाहीत. मंगळवारीही अंथरुणावरच होते, आणि बायकोने पटावरची धूळ मोहऱ्यांना धक्का न लावता पुसली. मला वाटलं, संपलं. जावयाचा फोन आला, "नवा टॅब घेऊन येऊ का?" असं विचारत होता. मी नको म्हणालो. नवा टॅब आणून अण्णांनी खेळायचं कुणाशी?

शुक्रवारी मी रजेवर होतो. साडेअकराला दारातून एक पोस्टकार्ड आत सरकलं. गोल, सुटं अक्षर, पण आता थरथरतं, ओळी खाली उतरत गेलेल्या. वर मुलीचा संपूर्ण पत्ता. मी ते वाचत वाचतच अण्णांच्या खोलीत गेलो.

'मास्तर, सात दिवस झाले. नियमाप्रमाणे डाव माझा. पंधरा-चौदा. असाल तर कबूल करा. नसाल तर मुलाने कळवावे, म्हणजे मी पटावरचे मोहरे उचलीन. तोवर मांडलेलेच आहेत. रोज दहाला मशीन उघडतो. पाय आहे. - कंपाउंडर.'

अण्णांनी ते उजेडाकडे धरून वाचलं. डोळे भरले, ते त्यांनी चष्म्याच्या आतूनच पुसायचा प्रयत्न केला. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला.

"पंधरा-चौदा?" ते ओरडले. ऐकू न येणारा माणूस ओरडतो तेव्हा वरच्या मजल्यावर धरणवाल्यांच्या घरातही ऐकू जातं. "कसले पंधरा? माझा हत्ती सातव्या ओळीत उभा आहे! तीन चालींत मात होती! लबाड! कार्ड आण, पेन आण!"

अण्णा स्वतः उठून टेबलापर्यंत चालत गेले. मी धावत जाऊन कोपऱ्यावरून पोस्टकार्ड आणलं. अण्णांनी वीस मिनिटं लिहिलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाराच्या टपालाने गेलं पाहिजे."

पोस्टकार्ड उघडं असतं, जाता जाता नजर पडतेच.

'कंपाउंडर, मी आहे. मशीन गेले. मुलाने मारले. डाव चालू समजावा. हत्ती आठव्या घरात, शह. टपालाचे दिवस सात दिवसांत धरू नयेत. मोहरे उचललेत तर बघा. खुब्याला ऊन द्या. - मास्तर.'

'मुलाने मारले' याच्या पुढे 'तांत्रिक कारणाने' एवढे दोन शब्द घालावेत असं मला फार वाटलं. पण अण्णांनी समासदेखील भरून टाकला होता.

पेटीत कार्ड टाकलं आणि घरी परत निघालो. दहा पावलांवर थांबलो. गेल्या काही दिवसांत मी हात लावलेली एकही गोष्ट धड राहिली नव्हती. कार्ड आत कुठे अडकलं असेल तर? मी परत आलो आणि पेटीपाशी उभा राहिलो. बाराचं टपाल काढणारा पोस्टमन साडेबाराला आला. त्याने पेटी उघडून पत्रं पिशवीत ओतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय हवंय?"

"एक पोस्टकार्ड आहे. वडिलांचं. नीट जाईल ना?"

त्याने पिशवीत हात घालून ते शोधलं. पत्ता नीट आहे की नाही बघायचा म्हणून उलटलं असेल, पण मग तो वाचतच राहिला. वाचून झाल्यावर त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हे मशीन मारलं ते तुम्हीच का?"

रस्त्यावर माणसं होती. दोघंतिघं वळून बघत होते.

"हो," मी म्हणालो. "मीच मारलं. पण ते कार्ड तेवढं आजच जाऊ द्या."